बारवेतली राणी आणि शेवटचं रीळ

शापाच्या सिनेमांचा मला कंटाळा आहे. भीती नव्हे, कंटाळा. नातवंडं रविवारी दुपारी पडदे ओढून घेतात आणि टीव्हीवर असलं काहीतरी लावून बसतात. कुठलंतरी जुनं दार, त्यावर अगम्य लिपीत कोरलेला इशारा, आणि तो इशारा वाचूनही दार उघडणारा एक दीडशहाणा. मग हजार वर्षांपूर्वी मेलेली एखादी बाई उठते आणि जिचं कधी कुणी नाव ऐकलं नाही ती अख्ख्या गावाचा हिशोब चुकता करते. हजार वर्षं मातीत राहून हिची साडी मात्र परीटघडीची. मी उठून आत जाते. नातू विचारतो, आजी घाबरलीस ना? मी म्हणते, हो बाबा, घाबरले. खरं कारण सांगत बसले तर त्यांचा सिनेमा बुडेल.

खरं कारण हे की असल्या एका सिनेमाने माझे आठ दिवस खाल्ले होते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगरची, नुकतीच नोकरीला लागलेली, आणि कर्जत तालुक्यात मिरजगावपासून सात-आठ मैल आत असलेल्या एका गावच्या शाळेवर बाई म्हणून रुजू झालेली. सगळं गाव मला बाईच म्हणायचं. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा, कधी तीन. शाळेच्या व्हरांड्यात एक माठ होता आणि तो भरलेला ठेवणं हे माझं शिकवण्याइतकंच मोठं काम होऊन बसलं होतं. माठाजवळ सातवीतली एक मुलगी उभी असायची. काही मुलांना ती तांब्या द्यायची, आणि गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतून येणाऱ्या मुलांच्या ओंजळीत वरून धार धरायची. मी आले तेव्हापासून हे असंच चालू होतं. मला त्यात एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे ओंजळीतून पाणी फार सांडतं.

गावाच्या वेशीशी एक जुनी बारव होती. खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, भिंतीत कोनाडे, आणि तळाशी पुरुषभर उंचीचा गाळ. पूर्वी हिला बारमाही पाणी असायचं असं म्हातारे सांगायचे. दुष्काळी कामाचा ओव्हरसियर, ज्याला सगळे रावसाहेब म्हणत, त्याने बारवेतला गाळ काढायचं काम मंजूर करून आणलं. दुसरं काम होतं रस्त्याच्या खडीचं. अक्षर बरं म्हणून दोन्ही कामांच्या माणसांच्या याद्या मला लिहायला बसवलं. सरपंच नावं सांगत गेले, मी लिहीत गेले. बारवेच्या यादीत गावातली माणसं, खडीच्या यादीत बौद्ध वस्तीतली. बारवेत त्यांनी उतरायचं नाही हे सरपंचांनी सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. मला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं. पण दौतीतली शाई पातळ होती म्हणून मी कुरकुर केली आणि याद्या देऊन टाकल्या.

काम सुरू झालं. चौथ्या दिवशी गाळात एक दगडी बाई सापडली. हातभर उंच, नाक झिजलेलं, एक हात तुटलेला. कोनाड्यातून कधीतरी खाली पडली असणार. बायकांनी तिला धुतलंही नाही, कारण धुवायला पाणी कुठं होतं? पदराने पुसून वरच्या पायरीवर टेकवून ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि पुन्हा गाळाच्या पाट्या उचलल्या. इथपर्यंत कुणाचंही काही बिघडलं नव्हतं.

मग आला तंबूचा सिनेमा. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण सिनेमा हवा होता. मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू? महिनाभरात मी टँकरखेरीज कशाची वाट पाहिली नव्हती. तंबूवाला बैलगाडीला भोंगा बांधून गावात फिरला, बारवेशी थांबून पाणी कुठं मिळेल म्हणून चौकशी केली, गाळाचं काम बघितलं, ती दगडी बाई बघितली, आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. गाडी पुढे निघाली तसा भोंग्यातून पुकारा झाला की मंडळी, तुमच्याच बारवेसारखी बारव, त्यात सातशे वर्षं कोंडलेली राणी, आणि गाळाला हात लावणाऱ्याचं काय झालं ते आज समक्ष बघा. पोटासाठी माणूस काय काय बोलतो. ऐकणाऱ्यांनी तरी थोडं डोकं वापरायचं.

सिनेमा हिंदी होता. एका राजाच्या काळात दुष्काळ पडतो. राजाची नावडती राणी तहानेने तडफडत बारवेशी येते. सगळं गाव पाणी पीत असतं, तिला कुणी घोटभर देत नाही. ती पायरीवर प्राण सोडते आणि सोडताना शाप देते की ज्यांनी ज्यांनी हे पाणी पिऊन मला तहानलेलं ठेवलं, त्यांच्या वंशातल्या कुणी या बारवेला पुन्हा हात लावला तर त्याचा घसा मातीने भरेल. त्यानंतर सातशे वर्षांनी गॉगल लावलेला एक इंजिनियर येऊन ती बारव उकरायला घेतो. मजूर एकेक करून मरतात आणि प्रत्येकाच्या तोंडातून चिखल ओघळतो. मला तर तो ओला केलेला कोको वाटला. पण माझ्या शेजारी बसलेल्या बायका, ज्या दिवसभर खरा चिखल उपसून आल्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला होता. तंबूवाला मध्येमध्ये भोंग्यातून मराठीत समजावत होता, आणि शाप तर त्याने दोनदा समजावला.

इंजिनियरची बायको राणीच्या हाकेमागे बारवेच्या पायऱ्या उतरायला लागली, आणि पडदा पांढरा झाला. शेवटचं रीळच आलं नव्हतं. तंबूवाल्याची पद्धत अशी की सिनेमा एक आणि तंबू दोन. दुसरा तंबू मिरजगावला, त्याच्या मेहुण्याचा. तिथं खेळ आधी सुरू व्हायचा आणि तिथं दाखवून झालेला एकेक डबा सायकलवरून आमच्याकडे यायचा. त्या दिवशी सायकलची चेन तुटली. तंबूवाल्याने जाहीर केलं की शेवट उद्या फुकट दाखवू, आणि लोक ओरडू नयेत म्हणून कंपोस्ट खताची सरकारी फिल्म लावली. सकाळी बघतो तर तंबूची जागा मोकळी. गडी रातोरात गुंडाळून मिरजगावला पळाला होता.

म्हणजे आमच्या गावाला शाप लागला, तो सुटलेला मात्र कुणी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी बारवेवर चिटपाखरू नव्हतं. फावडी-टिकाव पायरीवर पडलेले आणि दगडी बाईसमोर एक नारळ. सरपंच म्हणाले, माणसं बिचकली हायती, दोन दिवस जाऊ द्या. मी म्हटलं, सरपंच, तो सिनेमा आहे. ते म्हणाले, मालूम हाय की. सिनेमा आहे हे त्यांनाही कळत होतं, सगळ्यांनाच कळत होतं, आणि तरी एकही जण खाली उतरत नव्हता. याहून जास्त डोकं फिरवणारी गोष्ट मी आयुष्यात पाहिलेली नाही. अडाण्याला समजावता येतं, पण ज्याला समजलेलं आहे त्याला काय समजावणार?

रावसाहेबाने मात्र सरळ सांगितलं. शनिवारपर्यंत बारवेवर माणसं आली नाहीत तर तो काम बंद दाखवून सगळ्यांना खडीवर हलवणार, आणि एकदा बंद झालेलं काम पुन्हा मंजूर होणार नाही. गाळ निम्म्याहून जास्त निघाला होता. खालच्या मातीत हात घातला तर ती गार लागत होती. इतक्या जवळ आलेलं पाणी कोकोचा चिखल ओकायला लावणाऱ्या एका राणीपायी सोडून द्यायचं? वर्गात साठ मुलं होती ती तोवर एकेचाळीस उरली होती. बाकीची आईबापांबरोबर पाण्याकडे गेली होती. बारवेला पाणी लागलं नाही तर दिवाळीपर्यंत मी मोकळ्या बाकांना पाढे शिकवत बसले असते.

मी गावात फिरून फिरून सांगितलं की शेवटी शाप सुटतो, असल्या सिनेमात तो सुटतोच. सरपंचांनी विचारलं, तुमी बगितलं का? मी नव्हतं बघितलं. मिरजगावात ज्यांचे सोयरे होते त्यांनी निरोप धाडून विचारलं. एक म्हणाला राणी जळते, दुसरा म्हणाला इंजिनियर जळतो, आणि तिसरा कबूल झाला की त्याचा डोळा लागला होता. शेवटी गुरुवारी शाळेला अर्धी सुट्टी देऊन मी एसटीने मिरजगाव गाठलं.

तंबूवाला दोरीवर पडदा वाळत घालत होता. माझी बडबड त्याने शांतपणे ऐकून घेतली. शेवटच्या रिळात शाप सुटतो का, असं मी विचारलं. "सुटतो की बाई. लई झकास सुटतो," तो म्हणाला. मग त्याने अट घातली. तहसीलमध्ये त्याचा परवाना अडला होता, तर सदर चित्रपट बोधप्रद असून विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे असं शाळेच्या कागदावर लिहून द्यायचं. मी लिहून दिलं. माझ्या हातून त्या महिन्यात काय काय लिहिलं गेलं याची एकदा कुणीतरी चौकशी करायला हवी होती.

शुक्रवारी दुपारी तो जीपमधून मशीन आणि जनरेटर घेऊन आला. अंधार व्हायची वाट बघायला त्याला वेळ नव्हता, म्हणून शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, कौलांच्या फटीत पोती कोंबली. आत शंभर माणसं, बाहेर चैत्राचं ऊन. घामाने सगळे निथळत होते. सरपंच पुढे खुर्चीवर, शेजारी रावसाहेब. बौद्ध वस्तीतली पाच-सहा माणसं दाराशी, निम्मी आत निम्मी बाहेर. सिनेमा गाजला तसा तेही बघायला आले होते, आणि तिथं कुणी त्यांना अडवलं नव्हतं.

रीळ सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला मी कपाळावर हात मारला. शाप सुटत होता, झकास सुटत होता. इंजिनियरच्या बायकोला मागे सारून गावाच्या पाटलाची सून लाल शालू नेसून, हातात निरांजन घेऊन पायरी पायरी उतरते. ती तळाला टेकते तशी राणी तिला पोटाशी घेते, दोघी दिसेनाशा होतात आणि बारव काठोकाठ भरते. मग सगळं गाव हात जोडतं आणि गाणं लागतं.

घोंगड्या बाजूला झाल्या तेव्हा खोलीतल्या सगळ्या माना एका दिशेला वळलेल्या होत्या. सरपंचांची थोरली सून, सातवा महिना लागलेली, कोपऱ्यात बसली होती. सरपंचांचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्या माणसावर मी आठवडाभर चिडले होते, पण त्या क्षणी मला त्याची दया आली आणि मग माझी मलाच चीड आली, कारण हे रीळ आणायला मीच गेले होते. त्यांनी एवढंच सांगितलं की आता बारव बंद, तिचं नाव काढायचं नाही. रावसाहेब आपली टोपी शोधायला लागला. तंबूवाला मान खाली घालून रीळ गुंडाळत होता.

तेव्हा दाराशी बसलेली एक बाई उभी राहिली. माझ्या तिसरीतल्या एका मुलीची आई. खडीवर काम करून तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. आवाज न चढवता तिने मला विचारलं, "बाई, राणीचा शाप पानी पेलेल्यांच्या वंशाला हाय ना?"

मी म्हटलं, हो. तंबूवाल्यानेच दोनदा समजावून सांगितलं होतं.

"मंग आमाला न्हाई लागत. आमच्यात त्या बारवेचं पानी कुनी पेलंच न्हाई. ना माझ्या आज्यानं, ना त्याच्या आज्यानं. पायरीवर पाय ठिवू दिला न्हाई कुनी." तिने पदर खोचला. "आमी काढतो गाळ."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. रागवायला जागाच नव्हती. आठवडाभर सगळं गाव जो शाप खरा धरून बसलं होतं त्याचाच नियम ती सांगत होती. सरपंचांची नजर एकदा सुनेकडे गेली. मग ते म्हणाले की काढा गाळ, पाण्याचं नंतर बघू.

"नंतर न्हाई," ती म्हणाली. "गाळ आमी काढायचा तर पयली कळशी आमची. आन त्याच्यानंतर रोजची."

रावसाहेब टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने फक्त आठवण दिली की उद्या शनिवार. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे हे तो बोलला नाही, मीही बोलले नाही. कायदा आम्हा दोघांना पाठ होता. सरपंचांनी होकाराची मान हलवली. मागच्या दोघातिघांनी कुरकुर केली, पण पुढे होऊन उतरतो असं त्यातला एकही म्हणाला नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "यादी तुमीच लिवली हुती ना, बाई? तुमीच खोडा."

मी टेबलावर कागद पसरला आणि खोडाखोड केली. ज्या नावांवर मी काट मारत होते त्यांतल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात होती, आणि जी नावं नव्याने लिहीत होते त्यांचीही मुलं माझ्याच वर्गात होती. शाई अजून पातळच होती, पण या वेळी मी काही बोलले नाही.

शनिवारी पहाटे बौद्ध वस्तीतली चौदा माणसं बारवेत उतरली. दगडी बाई कुणीतरी पुन्हा कोनाड्यात ठेवली होती. ती तिथंच राहिली. पाच दिवस काम चाललं. कुणाचा घसा मातीने भरला नाही. गावातली माणसं वरून बघत राहायची, हात पाठीमागे बांधून. बघून बघून माझं डोकं तापायचं, पण मीही वरूनच बघत होते.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं धावत आली की पाणी लागलं. आम्ही सगळे बारवेवर गेलो. तळाशी कोपऱ्यात एक झरा फुटला होता आणि गुडघाभर गढूळ पाणी साठलं होतं. ती बाई जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची कळशी भरून वर आली. पायऱ्या उंच होत्या, तिला धाप लागली होती, साडी मांडीपर्यंत चिखलाने भरली होती. काठावर गावातली माणसं मागे सरकली. ती माझ्यासमोर थांबली आणि पिता का, असं तिने विचारलं. मला तहान लागली होती, उन्हात चालत आले होते. मी काही विचार न करता पुढे वाकले आणि ओंजळ धरली.

तिने कळशी उचलली नाही. माझ्या ओंजळीकडे बघत राहिली.

"वंजळ कशाला, बाई? तांब्या घ्या," ती म्हणाली. "वरनं वतलेलं पानी कसं लागतं ते आमाला ठावं हाय. दुसऱ्याला द्यावं असं न्हाई त्ये."

तिच्या मुलीने पुढे होऊन माझ्या हातात तांब्या दिला. मी तो तोंडाला लावून प्याले. पाण्याला मातीची चव होती आणि ते घशाखाली उतरताना मला रडू येत होतं, ते मी खोकल्यावर ढकललं.

गावातल्या लोकांनी आठ-दहा दिवस टँकरची वाट पाहिली. मग टँकर चार दिवस आला नाही आणि एकेक घागर बारवेवर यायला लागली. सरपंच पुढे कितीतरी वर्षं सांगत असत की शेवटचं रीळ दाखवलं म्हणून पाणी लागलं. मी वाद घालणं सोडून दिलं होतं.

पण त्या दिवशी शाळेत परत आले तेव्हा व्हरांड्यात सातवीतली ती मुलगी नेहमीसारखी माठाशी उभी होती आणि तिसरीतली मुलगी ओंजळ धरून वाकली होती. मी तांब्या मोठ्या मुलीच्या हातातून घेतला, भरला, आणि त्या लहान मुलीच्या हातात दिला. आता प्रत्येकाने आपापलं घेऊन प्यायचं, एकाच तांब्याने, असं सांगितलं. सातवीतली मुलगी गोंधळून म्हणाली, "मंग बाई, मी काय करू?"

मी आल्यापासून ती हे काम माझ्या डोळ्यांदेखत नीट करत होती, आणि मी तिला कधी अडवलं नव्हतं. मी तिच्यावर खेकसले की वर्गात जाऊन बस, आणि ती बिचारी निमूटपणे जाऊन बसली.